तुरुंगाचा तपासनीस कोणाचा माणूस?

१७७३ साली इंग्लंडच्या बेडफर्डशायर परगण्याला जॉन हॉवर्ड नावाचा नवा शेरीफ मिळाला. शेरीफ हे वर्षभराचं मानाचं पद. मुंबईचा नगरपाल हे त्याचंच भावंड. न्यायाधीश दौऱ्यावर आले की स्वागताला उभं राहायचं, मिरवायचं आणि वर्ष सरलं की घरी जायचं. परगण्याचा तुरुंग कागदोपत्री शेरीफच्याच ताब्यात असे, पण आत जाऊन पाहण्याची उठाठेव सहसा कोणी करत नसे. हॉवर्डने ती केली.

कोर्टाने निर्दोष ठरवलेली माणसं पुन्हा कोठडीत नेली जात आहेत, हे त्याला तिथे दिसलं. कारण साधं होतं. त्यांनी तुरुंगाधिकाऱ्याची फी भरलेली नव्हती. बेडफर्डला सुटणाऱ्याने तुरुंगाधिकाऱ्याला १५ शिलिंग ४ पेन्स आणि किल्ल्या सांभाळणाऱ्याला २ शिलिंग द्यायचे असा रिवाज होता. तुरुंगाधिकाऱ्याला पगार नसे, त्याचं पोट कैद्यांवरच चाले. त्याला पगार द्या आणि फी बंद करा, असं हॉवर्डने परगण्याच्या मॅजिस्ट्रेटांना सुचवलं. ते म्हणाले, असं कुठे घडल्याचा दाखला आणा. सरकारी कामाला तेव्हाही दाखला लागे! हॉवर्ड घोड्यावर बसून शेजारच्या परगण्यांत दाखला शोधायला निघाला. दाखला काही मिळाला नाही. मिळाले ते तसलेच आणखी तुरुंग.

हा माणूस काही नुसता हळवा नव्हता. १७५६ मध्ये लिस्बनला जाताना फ्रेंच लुटारू जहाजाने त्याला पकडलं होतं आणि ब्रेस्टच्या कोठडीची चव त्याने घेतली होती. पण त्याचं खरं वैशिष्ट्य म्हणजे तो मोजमाप करायचा. कोठडीची लांबी-रुंदी-उंची, खिडकी किती, पाणी कुठून येतं, पावाचं वजन किती, कैदी किती आणि त्यातले कर्जापायी आत बसलेले किती, हे सगळं तो वहीत टिपून घेई. बऱ्याच ठिकाणी कैद्याला पाव वजनाने नव्हे, पेनीच्या हिशेबाने मिळे. धान्य महागलं की पाव आपोआप लहान होई. काही तुरुंगांच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या का, याचंही उत्तर त्याने शोधून काढलं. तेव्हा इंग्लंडात खिडक्यांवर कर होता आणि तो तुरुंगाधिकाऱ्याच्या खिशातून जाई. अंगाला इतका दर्प चिकटे की बंद घोडागाडीत बसवत नसे, म्हणून तो उघड्यावर घोड्यावरूनच फिरे. वहीची पानंसुद्धा शेकोटीसमोर धरल्याशिवाय वापरता येत नसत.

या दर्पाला लोक घाबरत, ते उगाच नव्हे. तुरुंगात ‘जेल-ताप’ कायमचा मुक्कामाला असे. हा टायफस, तो उवांमुळे पसरतो हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं, दोष जाई कुबट हवेला. १७५० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात कैद्यांसोबत हा ताप आला आणि लॉर्ड मेयर, दोन न्यायाधीश यांच्यासह अनेकांना घेऊन गेला. ताप न्यायासनापर्यंत पोचला होता, म्हणूनच पार्लमेंटने कान टवकारले, असं म्हणायला जागा आहे. १७७४ मध्ये हॉवर्डची साक्ष झाली आणि त्याच वर्षी दोन कायदे झाले. निर्दोष सुटलेल्याकडून फी घ्यायची नाही, हा एक. दुसरा आरोग्याचा: भिंती-छताला वर्षातून एकदा तरी चुना द्यायचा, हवा खेळती ठेवायची, आजारी स्त्री-पुरुषांना वेगवेगळ्या खोल्या द्यायच्या, अंघोळीची सोय करायची, डॉक्टर नेमायचा आणि या कायद्याची पाटी तुरुंगात टांगायची. किमान दर्जा लिहून काढण्याचा इंग्रजी तुरुंगांच्या इतिहासातला हा जुना, ठळक प्रयत्न.

पण पाळतो कोण? हॉवर्डने दोन्ही कायदे स्वखर्चाने छापून तुरुंगातुरुंगांत पाठवले आणि पुढल्या फेरीत पाहिलं तर बहुतेक ठिकाणी चुनाही नव्हता अन् पाटीही नव्हती. १७७७ मध्ये त्याने इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांची स्थिती सांगणारा जाडजूड ग्रंथ काढला, युरोपभर भटकला, स्वतःच्या हिशेबाने ४२,००० मैलांहून जास्त प्रवास केला आणि १७९० मध्ये आजच्या युक्रेनमधल्या खेर्सनला तापानेच गेला. तो होता तोवर तपासणी हा एका श्रीमंत, हट्टी माणसाचा उद्योग होता. त्याच्या माघारी काम राहिलं, माणूस राहिला नाही.

१८२३ मध्ये गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी मॅजिस्ट्रेटांना तुरुंग पाहण्याची आणि गृहखात्याला अहवाल देण्याची सक्ती केली. तुरुंग चालवणारेही मॅजिस्ट्रेटच, पाहणारेही तेच. शिवाय बऱ्याच लहान गावांचे आणि कर्जदारांचे तुरुंग कायद्यातून निसटले. शेवटी १८३५ च्या कायद्याने सरकारी तपासनीस आले, संख्या पाच. (कापडगिरण्यांना तपासनीस त्याआधी दोनच वर्षं मिळाले होते; सरकारने गिरणीत आणि तुरुंगात डोकवायला एकाच सुमारास सुरुवात केली.) तुरुंगात जायचा, कागद मागायचा, प्रश्न विचारायचा अधिकार त्यांना होता. हुकूम सोडायचा मात्र नव्हता. त्यांचं हत्यार एकच, छापील अहवाल. १८३६ चा पहिलाच अहवाल लंडनच्या न्यूगेट तुरुंगावर बरसला. आत जुगार चालतो, बिअर मिळते, कैद्यांमधून नेमलेले मुकादम सवलती विकतात, असं त्यात खुलेआम छापलं होतं. शहराचे कारभारी खवळले. तपासणी खरी असल्याची ही पहिली खूण मानायला हरकत नाही.

तपासनीस असूनही काय घडू शकतं ते १८५३ मध्ये बर्मिंगहॅमने दाखवलं. एडवर्ड अँड्र्यूज हा पंधरा वर्षांचा मुलगा चार पौंड मांस चोरल्यावरून तिथल्या नव्या तुरुंगात आला. शिक्षेत ‘क्रँक’ होता, म्हणजे पेटीला बसवलेला जड दांडा. तो फिरवून निपजत काहीच नाही, फक्त आकडा पुढे सरकतो. दिवसाला १०,००० फेरे: न्याहारीआधी २,०००, दुपारच्या जेवणापर्यंत ४,०००, रात्रीच्या जेवणापर्यंत ४,०००. फेरे भरले नाहीत तर नुसता पाव आणि पाणी. मग हात बांधणारं जाकीट, गळ्यात ताठ चामडी पट्टा, भिंतीला आवळून उभं करणं, अंगावर गार पाणी. एप्रिलमध्ये त्याने कोठडीत गळफास घेतला. चौकशी आयोग बसला, तुरुंगाचा गव्हर्नर विल्यम ऑस्टिनला पुढे तीन महिन्यांची कैद झाली. तुरुंगावर नजर ठेवण्यासाठी नेमलेल्या मॅजिस्ट्रेटांवरही आयोगाने ठपका ठेवला.

पुढे १८७७ मध्ये सरकारने स्थानिक तुरुंगच ताब्यात घ्यायचा कायदा केला. १ एप्रिल १८७८ रोजी ११३ तुरुंग परगण्यांकडून गृहखात्याकडे गेले, बरेच लगेच बंदही झाले. एडमंड ड्यु केन या लष्करी अभियंत्याने कारभाराला शिस्त लावली. खर्च सरकारी, नियम सरकारी, नोकर सरकारी आणि तपासनीसही आता त्याच तुरुंग-आयोगाच्या हाताखाली. परगण्याच्या तुरुंगावर तोंडसुख घेणारा तपासनीस आपल्या साहेबाच्या तुरुंगावर काय लिहिणार?

याचं उत्तर आतल्या माणसाने दिलं. दोन वर्षांची सक्तमजुरी भोगून बाहेर आलेल्या ऑस्कर वाइल्डने १८९८ मध्ये लंडनच्या एका दैनिकाला पत्र लिहिलं. तपासनीस वाढवून काही होणार नाही, असं त्यात तो बजावतो. ते येतात ते नियम पाळले जातात की नाही हे बघायला, कैद्याचं भलं करायला नव्हे. एखादी बारीकशी सवलत मिळालेल्या कैद्याला तर तपासणीची धास्तीच वाटते आणि त्या दिवशी शिस्त दाखवायला पहारेकरी एरवीपेक्षा कठोर होतात, हेही तो सांगतो. हा आक्षेप हॉवर्डच्या मोजपट्टीलाही लागू पडतो. मोजपट्टी नियमाची असेल आणि नियमच क्रूर असेल, तर तपासणीत सगळं ठाकठीकच निघणार.

भारतात तपासनीस आणि कारभारी एकच असण्याची गोम सुरुवातीपासूनच होती. इंग्लंडात तपासनीस आले त्याच १८३५ च्या डिसेंबरात सरकारचा कायदा सदस्य मेकॉलेने कलकत्त्यात तुरुंगांच्या चौकशीचा आग्रह धरला. त्यातून नेमलेल्या समितीचा अहवाल १८३८ मध्ये आला. वायव्य प्रांतात १८४४ मध्ये इन्स्पेक्टर जनरल नेमला गेला आणि ही पद्धत इतर प्रांतांतही रुजली. पण हा इन्स्पेक्टर बाहेरून येऊन दोष काढणारा नव्हता, तोच तुरुंगांचा सर्वोच्च कारभारी. १८९४ च्या प्रिझन्स ॲक्टने ते कलमबद्ध केलं. बाहेरची नजर म्हणून अभ्यागत नेमायची सोय होती, सरकारी आणि बिनसरकारी; ते येत, फेरी मारत, वहीत शेरा लिहून जात.

म्हणून मुंबईची १९८३ ची घटना महत्त्वाची. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या १५ महिला कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. न्यायालयाने खरंखोटं करायला ना तुरुंग खात्याला सांगितलं ना पोलिसांना. ‘निर्मला निकेतन’ या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना पाठवलं. निकालात शहरातल्या पोलीस कोठड्यांना सत्र न्यायाधीशाने अधूनमधून अचानक भेट द्यावी, शक्यतो महिला न्यायाधीशाने, असंही सांगितलं. ‘अचानक’ हा त्यातला कळीचा भाग. आगाऊ कळवलेल्या भेटीत काय दिसतं हे सरकारी कचेरीत चप्पल झिजवलेल्या कोणालाही विचारा. मुंबईच्याच पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी आलेला निकाल तर वाइल्डच्या मुद्द्यालाच हात घालतो. जातीवरून कामं वाटून देणं तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतच लिहिलेलं होतं. न्यायालयाने ते नियम रद्द केले आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व अभ्यागत मंडळ यांनी मिळून नियमित पाहणी करावी, असा आदेश दिला.

इंग्लंडात तपासनीस तुरुंग खात्यातून पुन्हा बाहेर निघायला शंभर वर्षं लागली. तुरुंगांची चौकशी करणाऱ्या मे समितीच्या १९७९ च्या शिफारशीनंतर १९८१ मध्ये स्वतंत्र मुख्य तपासनीसाचं पद आलं. डेव्हिड रॅम्सबॉथम हे निवृत्त जनरल डिसेंबर १९९५ मध्ये या खुर्चीत बसले आणि त्याच महिन्यात लंडनच्या हॉलोवे या महिला तुरुंगाची तपासणी अर्ध्यावर टाकून निघून गेले. आत उंदरांचा सुळसुळाट होता आणि गरोदर कैद्यांना बेड्या घातल्या जात होत्या. अशा जागेची तपासणी काय करायची, आधी सुधारा, मग येतो, असा त्यांचा पवित्रा होता. लष्करी माणूस सरकारला सांभाळून घेईल असं कोणाला वाटलं असेल तर त्याचा अंदाज साफ चुकला. आता या कार्यालयाची मोजपट्टीही वेगळी आहे. माणूस सुरक्षित आहे का, त्याला माणसासारखं वागवतात का, त्याच्या हाताला आणि डोक्याला काम आहे का, बाहेर पडायची तयारी करून घेतात का, असे चार प्रश्न ते विचारतात.

हुकूम सोडायचा अधिकार मात्र आजही नाही. २०१७ पासून एवढंच झालं की तुरुंग फारच बिघडलेला दिसला तर मुख्य तपासनीस मंत्र्याला जाहीर पत्र लिहितो आणि मंत्र्याने २८ दिवसांत जाहीर उत्तर द्यायचं. २०१८ या एका वर्षात अशी पत्रं नॉटिंगहॅम, एक्सेटर, बर्मिंगहॅम आणि बेडफर्ड या तुरुंगांसाठी गेली. बर्मिंगहॅमचा तुरुंग तोच, अँड्र्यूजचा. फरक इतकाच की २०११ पासून तो एक खासगी कंपनी चालवत होती. तेव्हाचे मुख्य तपासनीस पीटर क्लार्क यांच्या पथकाला तिथे उघड नशा, रक्त आणि ओकारीने माखलेल्या जागा, झुरळं आणि आपल्याच खोल्यांत दडून बसलेले कर्मचारी दिसले. तपासणी चालू असताना कर्मचाऱ्यांच्या वाहनतळावर जाळपोळही झाली. २० ऑगस्ट २०१८ रोजी सरकारने तुरुंग ताब्यात घेतला आणि पुढल्या वर्षी कायमचा आपल्याकडे ठेवला. कंपनीवर देखरेख करायला सरकारचे अधिकारी कराराप्रमाणे त्या तुरुंगातच बसत होते. त्यांच्या नाकासमोर इथवर मजल गेलीच कशी, हा प्रश्न क्लार्क यांनी मंत्र्यांना लिहिलेल्या पत्रातच विचारला होता.