रामदास बोट आणि एक वायरलेस

लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटली की आजी न चुकता हात जोडायची. आम्ही पोरं हसायचो. ती का हात जोडते, ते कळायला बरीच वर्षं गेली.

१७ जुलै १९४७, गटारीचा सण. सकाळी याच धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ कलंडली. ६००हून अधिक माणसं गेली. बोटीवर वायरलेसच नव्हता, त्यामुळे इतक्या जवळ असूनही मुंबईला कित्येक तास पत्ता नाही! वाचले त्यांतल्या अनेकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. जाळ्यातली मासळी समुद्रात फेकून, असं सांगतात. बरं, धोका नवा होता असंही नाही. 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी १९२७ सालीच बुडाल्या होत्या.

मग तरी लगेच बचावाची यंत्रणा उभी राहिली असेल? छे. तटरक्षक दल आलं १९७७-७८ मध्ये. त्याची शिफारस केली १९७४च्या रुस्तमजी समितीने, आणि तिच्यापुढचा मोठा प्रश्न होता समुद्रमार्गे होणारी तस्करी! बुडणारी माणसं नव्हेत. तीस वर्षं... असो. शोध आणि बचावाचं काम पुढे याच दलाकडे आलं, हेही खरंच.

१८ डिसेंबर २०२४ला घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची स्पीडबोट धडकली. मदत यावेळी झटकन पोचली, तरी १५ जण गेले. अनेक प्रवाशांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. गेटवेवर जॅकेटची सक्ती सुरू झाली ती त्यानंतर.