तीव्र किण्वन (बिअर)

बिअर तयार करताना यीस्टची क्रिया अतिशय वेगाने होऊन मोठ्या प्रमाणात फेस, उष्णता व कर्बवायू निर्माण होण्याच्या अवस्थेस तीव्र किण्वन असे म्हणतात. ५ टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेल्या 'स्ट्राँग' बिअरमध्ये ही अवस्था विशेष जाणवते, कारण तिच्या मूळ द्रावात (वर्ट) साखरेचे प्रमाण जास्त असते.

कारणे
यीस्ट साखरेचे रूपांतर जवळजवळ समान वजनाच्या मद्यार्कात व कर्बवायूत करते. ८ टक्के मद्यार्काची २० लिटर बिअर तयार होताना सुमारे १.२ किलोग्रॅम, म्हणजे नेहमीच्या तापमानाला ६५० लिटरांहून अधिक, कर्बवायू बाहेर पडतो. त्यातील बराचसा भाग पहिल्या दोन-तीन दिवसांतच निर्माण होतो. माल्टमधील प्रथिनांमुळे फेस टिकून राहतो व यीस्टसह वर चढतो. ही क्रिया उष्णता बाहेर टाकणारी असल्याने द्रावाचे तापमान खोलीच्या तापमानापेक्षा काही अंशांनी वाढते. वाढलेल्या तापमानामुळे किण्वनाचा वेग आणखी वाढतो.

धोके
फेसातील हॉप्सचे कण व यीस्ट एअरलॉकमध्ये अडकल्यास वायूला वाट उरत नाही. दाब वाढून झाकण उडते किंवा काचेचे भांडे फुटते. कर्बवायू हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचतो व गुदमरण्याचा धोका निर्माण होतो. अतितापमानात उच्च अल्कोहोल वाढून बिअरला उग्र, झोंबणारी चव येते.

व्यवस्थापन
* मोकळी जागा: भांड्याचा सुमारे एक चतुर्थांश भाग रिकामा ठेवतात.
* निर्गम नळी: सुरुवातीस एअरलॉकऐवजी जाड नळी बसवून तिचे दुसरे टोक निर्जंतुक द्रावणात बुडवतात. फेस ओसरल्यावर पुन्हा एअरलॉक लावतात.
* तापमान: एल प्रकारच्या बहुतेक यीस्टसाठी द्राव १८ ते २० अंश सेल्सियसला ठेवणे इष्ट मानले जाते. किण्वनाच्या शेवटी ते किंचित वाढवतात. मोजमाप खोलीचे नव्हे, तर द्रावाचे करतात.
* यीस्ट व प्राणवायू: दाट वर्टला सौम्य बिअरपेक्षा अधिक यीस्ट लागते. प्राणवायू आरंभीच मिसळतात. नंतर मिसळल्यास बिअर बिघडते.
* साखर: अतिरिक्त साखर एकदम न घालता, वेग मंदावल्यावर टप्प्याटप्प्याने घालतात.
* बाटलीबंदी: हायड्रोमीटरवरील विशिष्ट गुरुत्व सलग काही दिवस स्थिर राहिल्यावरच बाटल्या भरतात. अपूर्ण किण्वन झालेली बिअर बाटलीत फुगून बाटली फुटू शकते.

इतिहास
इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावातून १९व्या शतकात भारताकडे मोठ्या प्रमाणात बिअर पाठवली जाई. तेथे विकसित झालेल्या 'बर्टन युनियन' पद्धतीत लाकडी पिंपांतील फेस नळ्यांवाटे वरच्या पन्हळीत जाई. यीस्ट तेथे खाली बसे व बिअर पुन्हा पिंपात परते. आजची निर्गम नळी हे फेसाला स्वतंत्र वाट देण्याच्या त्याच तत्त्वाचे साधे रूप आहे.

महाराष्ट्रातील स्थिती
सोलापूर जिल्ह्याच्या कर्नाटक सीमेलगत असलेल्या दुधनीसारख्या गावांत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. अशा हवामानात शीतकरणाशिवाय किण्वन आटोक्यात ठेवणे कठीण असते. ओल्या कापडाने भांडे गुंडाळल्यास बाष्पीभवनामुळे काही अंश घट होते. मात्र तेवढी घट पुरेशी नसते. दुसरी मर्यादा कायद्याची आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे, आणि घरगुती वापराचे कारण त्याला अपवाद ठरत नाही. परवाने राज्य उत्पादन शुल्क विभागामार्फत दिले जातात. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली 'डूलाली' ही भारतातील सुरुवातीच्या परवानाधारक मायक्रोब्रुअरींपैकी एक आहे.

हे सुद्धा पाहा
* किण्वन
* यीस्ट
* फेणी