आधी यंत्र की आधी धान्य?

वसई-विरारच्या महाविद्यालयांत अर्थशास्त्र घेणारी मुलं मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवतात. मार्शल, केन्स, फ्रीडमन ही नावं त्यांना पाठ असतात. याच विद्यापीठातून कधी काळी दिल्लीच्या नियोजनाला खणखणीत आव्हान दिलं गेलं, हेही त्यांना तितकंच ठाऊक असायला हवं.

मुळात हा बाणा न्यायमूर्ती रानड्यांचा. 1892 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी सांगितलं, की इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे नियम हिंदुस्थानाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. त्यासाठी त्यांनी जर्मनीच्या फ्रेडरिक लिस्टचा आधार घेतला. पुढे 1921 मध्ये लंडनहून शिकून आलेले चंदुलाल नगीनदास वकील मुंबई विद्यापीठात शिकवू लागले आणि भारताचा महसूल, चलन, शेती हे तिथल्या संशोधनाचे विषय झाले.

खरी झुंज झाली 1956 मध्ये. दुसरी पंचवार्षिक योजना संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या आराखड्यावर बेतलेली होती : आधी पोलाद आणि यंत्रं. वकील आणि त्यांचे शिष्य पी. आर. ब्रह्मानंद यांनी ग्रंथ लिहून उलट क्रम मांडला. धरणावर खपणाऱ्या मजुराला धरण पुरं होईपर्यंत रोज जेवायला लागतं, अंगाला कापड लागतं. ते पिकलं-विणलं गेलं नाही, तर हातात आलेली मजुरी फक्त भाव चढवते. म्हणून या ‘मजुरी-वस्तूं’ना अग्रक्रम द्या, असं त्यांचं म्हणणं. मुंबईच्या कामगाराच्या ताटात वसईची भाजी आणि केळी पिढ्यान्‌पिढ्या पडत आली; इथल्या मुलांना हा सिद्धान्त वाडीत उभं राहून समजावता येईल.

त्याच सुमारास गुजरातेत शिकवणाऱ्या बी. आर. शेणॉय यांनी याच योजनेबाबत भिन्नमतपत्रिका दिली. मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते हायेक यांच्या विचारांत वाढलेल्या शेणॉयांचा आक्षेप वेगळा होता : तुटीचा अर्थभरणा आणि सरकारी नियंत्रणं. योजनेत अशी तूट 1,200 कोटी रुपयांची धरली होती.

1957 मध्ये परकीय चलनाची टंचाई आली. धान्य तर 1956 च्या करारानुसार अमेरिकेतून येऊच लागलं होतं. पोलादाचे कारखाने देशाला हवेच होते, पण धान्याच्या बाबतीत मुंबईच्या वकील-ब्रह्मानंदांचं बरोबर ठरलं.

पुण्यात गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगिळांनी तिसरी वाट धरली, सहकाराची. प्रवरेचा साखर कारखाना त्यातूनच उभा राहिला. वसईकरांना ही वाट नवी नव्हती. आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक 1918 साली पतपेढी म्हणून सुरू झाली, गोखले संस्थेच्या बारा वर्षं आधी.

वसई-विरारच्या प्राध्यापकांनी केन्सच्या शेजारी वकील-ब्रह्मानंद, शेणॉय आणि गाडगीळ मांडावेत, आणि मुलांना त्यांच्यात वाद घालू द्यावा.