स्मार्ट घराचं कूळ विहिरीवर

फोनवरून घरातले दिवे, पंखे, गीझर चालवण्याच्या विद्येची वंशावळ सांगणारे बहुतेक जण एकाच वाटेनं जातात. १८८५ च्या सुमारास मिनियापोलिसात अल्बर्ट बुट्झनं भट्टीची झडप तापमान पाहून आपोआप उघडणारी यंत्रणा केली. १८९८ मध्ये टेस्लानं न्यूयॉर्कात तारेविना बोट चालवून दाखवली. १९६६ मध्ये पिट्सबर्गच्या जिम सदरलंडनं इको-फोर नावाचा संगणक स्वतःच्या घरात बसवला. १९७५ मध्ये स्कॉटलंडातल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सनं घरच्या विजेच्या तारांतूनच हुकूम धाडणारी एक्स-टेन पद्धत काढली. मग स्मार्टफोन, अ‍ॅप, बोलका स्पीकर. झाली वंशावळ पुरी.

यात चूक एकही नाही, तरी ही वंशावळ मला परक्या घरची वाटते. सोलापूर जिल्ह्यात ही विद्या ज्या दारानं आली, ते दार तिच्यात नाही. ते विहिरीवरच्या मोटारीच्या कोठीचं आहे.

दुवा सापडला अगदी किरकोळ जागी. बाजारातला साधा वायफाय प्लग अ‍ॅपला जोडा आणि त्याच्या सेटिंगमध्ये शिरा. बहुतेक अ‍ॅपमध्ये ‘रिले स्टेटस’ किंवा ‘पॉवर-ऑन स्टेट’ अशा नावाखाली एक प्रश्न असतो: वीज जाऊन परत आली की प्लगनं काय करायचं? बंद राहायचं, चालू व्हायचं, की आधी होता तसा व्हायचं? शहरातला माणूस ही ओळ न वाचताच पुढं सरकतो. सांगोल्या-पंढरपूरकडच्या बागायतदाराला ती दाखवा. तो म्हणेल, ‘हां, म्हणजे ऑटो.’

त्याचं बरोबर आहे. पण ऑटो कळायला आधी स्टार्टर कळला पाहिजे.

कोठीच्या भिंतीवर लोखंडी डबा असतो. बाहेर हिरवं आणि लाल बटण, आत एक कॉइल. हिरवं दाबलं की कॉइलमध्ये वीज येते, तिचं चुंबक होतं, ते आतल्या पट्ट्या ओढून धरतं आणि बोट काढलं तरी मोटार चालत राहते. लाइट गेली की चुंबक मरतं, पट्ट्या सुटतात, मोटार थांबते. लाइट परत आली तरी मात्र ती आपणहून सुरू होत नाही. कुणीतरी येऊन हिरवं बटण दाबावं लागतं. हिला नो-व्होल्ट कॉइल म्हणतात, आणि हा दोष नव्हे, मुद्दाम केलेली राखण आहे. लाइट नाही म्हणून कुणी फूटव्हॉल्व्ह साफ करायला विहिरीत उतरला असेल, कुणी उघड्या वायरला हात घातला असेल. लाइट आल्याबरोबर त्याच्या जिवावर बेतू नये. कारखान्याच्या हिशेबानं हे चोख आहे, कारण कारखान्यात माणूस यंत्रापाशीच उभा असतो.

शेतात तो नसतो. शेतीच्या फीडरवर थ्री फेज लाइट पाळीपाळीनं येत आली, दिवसा ८ तास नाहीतर रात्री १० तास. त्यातही फीडर मध्येच ट्रिप होतो. रात्री दीडला लाइट गेली आणि दोनला आली, की वस्तीवरून उठून कोठीपर्यंत जायचं, हिरवं दाबायचं, परत येऊन पाठ टेकवायची, तोवर पुन्हा अंधार. वाट उसाच्या फडातून, पायाखाली काय असेल त्याचा नेम नाही. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात माणसं मारणारा बिबट्या फिरत होता, तेव्हा तर रात्री दारं धरायला जाणं म्हणजे जीव मुठीत धरणंच होतं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी तेवढी नशिबाची. तिला मोटारच लागत नाही.

या रात्रीच्या पायपिटीतून ऑटो आला. स्टार्टरच्या शेजारी बसणारा हा छोटा डबा काय करतो? तिन्ही फेज आल्यात का ते बघतो. आल्या असतील तर ठरवलेले काही सेकंद थांबतो. मग माणसाच्या बोटाऐवजी आपला रिले क्षणभर जोडून हिरवं बटण ‘दाबतो’. झालं. आता अ‍ॅपमधला कुठलाही नियम उघडून बघा: अमुक झालं, तमुक अट पुरी असेल, तर इतका वेळ थांबून हे कर. कॅलिफोर्नियात २०१० मध्ये सुरू झालेल्या इफ्ट या कंपनीनं ‘हे झालं तर ते कर’ या मांडणीवर अख्खी सेवा उभी केली आणि तिचं मोठं कौतुक झालं. आमच्याकडं तीच मांडणी इलेक्ट्रिकलच्या दुकानात पत्र्याच्या डब्यात बंद करून विकत मिळत होती.

इथंच माझा मूळ मुद्दा आहे. आपोआप थांबणं जुनं आहे. नो-व्होल्ट कॉइलही तेवढंच करते. आसपास कुणी नसताना, कुणी पाहत नसताना, आपोआप सुरू होणं ही खरी उडी. ऑटोनं कारखान्यातल्या त्या राखणीला बगल दिली. स्मार्ट प्लगमधली ती तीन पर्यायांची ओळ म्हणजे हेच जुनं भांडण: सुरक्षेसाठी बंद, की पाण्यासाठी चालू?

थांबण्याच्या त्या सेकंदांची गोष्ट तर वेगळीच सांगितली पाहिजे. समजा ६३ केव्हीएची एक डीपी, म्हणजे शेताकडचा ट्रान्सफॉर्मर, आहे आणि तिच्यावर ५ एचपीच्या १० मोटारी. एक मोटार चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, म्हणजे दहा मिळून ७५. डीपी ८४ अँपिअरपर्यंत सोसते, तेव्हा काम कसंबसं भागतं. पण मोटार सुरू होताना सहा पट करंट ओढते. दहाही डब्यांवर ऑटो असेल आणि लाइट आल्याबरोबर दहाही एकदम उठल्या, तर मागणी ४५० अँपिअर. डीपी जळते, आणि ती बदलून मिळेपर्यंत दहाही जणांचं रान वाळतं. म्हणून महावितरण वेळोवेळी आवाहन करत आलं आहे: ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. खरं तर प्रत्येकानं वेगवेगळा विलंब ठेवला तर एवढं होणार नाही. पण आठ तासांच्या लाइटीतला आपला मिनिटभर शेजाऱ्यासाठी कोण सोडतो? विलंबाचा खटका असूनही तो शून्यावर असण्याचं कारण मला तरी एवढंच दिसतं. आज घराच्या अ‍ॅपमध्ये एसी आणि गीझर एकदम लागू नयेत म्हणून ‘डिले’ टाकतात. त्या खान्याची किंमत आमच्या गावांनी जळालेल्या डीपींनी मोजलेली आहे.

ऑटोला एक गोष्ट येत नव्हती: मालकाला उत्तर देणं. मोटार चालू झाली का, हे कळायला पुन्हा चालणं आलंच. ही गाठ सोडवली पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी. त्यांचे आजोबा उतारवयातही पंप चालू करायला लांबवर चालत जायचे. ते पाहून त्यांच्या डोक्यात ही कल्पना रुजली. त्यांच्या ‘नॅनो गणेश’मध्ये स्टार्टरला मोबाइल जोडलेला असतो. शेतकऱ्यानं घरून तो नंबर लावायचा, आकड्यांचा संकेत दाबायचा. मोटार चालू किंवा बंद होते, आणि तिथं लाइट आहे का हेही फोनवरच्या आवाजावरून कळतं. केबल चोरायला कुणी आलं तर इशारा देण्याची सोयही त्यात आली. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक नवसंशोधक स्पर्धेत या यंत्रणेला पारितोषिक मिळालं. त्या वेळी स्मार्टफोन ही चैन होती. हे चालायचं साध्या बटणांच्या फोनवर.

बटणांच्या फोनवर ते कसं चालायचं, यात आणखी एक उसनवारी आहे. १९६३ साली अमेरिकेत चकतीऐवजी बटणांचा टेलिफोन आला, तेव्हा प्रत्येक बटणाला दोन सुरांची जोडी दिली गेली. ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्‌झचे सूर एकदम वाजतात. हे सूर एक्स्चेंजला आकडा कळावा म्हणून होते. पण सूर आवाजाच्याच वाटेनं जातात, त्यामुळं फोन उचलला गेल्यावरही ते पलीकडं पोचतात, आणि ‘८८७०’ या नंबरची स्वस्त चिप ते ओळखते. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या कितीतरी पोरांनी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट या एका चिपवर उरकला आहे. टेलिफोन कंपनीनं आकड्यांसाठी घडवलेली भाषा अशी उसाला पाणी पाजू लागली.

पुढचे आणखी स्वस्त मोबाइल स्टार्टर तर मिस्ड कॉलवर चालू लागले. २००३ मध्ये आपल्याकडं येणारे कॉल फुकट झाले आणि न उचललेला कॉल हा बिनपैशाचा निरोप झाला. ‘पोचलो’, ‘खाली ये’, ‘तू फोन कर’, सगळं एका रिंगमध्ये. तीच रिंग मोटारीला दिली. माझा पक्ष असा, की अ‍ॅपमधल्या गोल ऑन-ऑफ बटणाचा आपल्याकडचा थेट पूर्वज टीव्हीचा रिमोट नव्हे, हा मिस्ड कॉल आहे. रिमोटला समोर बसावं लागतं, मिस्ड कॉलला अंतराचं बंधन नाही.

एक्स-टेनवाले इथं हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. त्यांच्याकडं १६ घरखुणा गुणिले १६ उपकरणं असे २५६ पत्ते होते, आणि टेलिफोनवरून आकडे दाबून घरचे दिवे लावायची सोयही पुढं आली होती. पहिलेपणाचा मान त्यांचाच. पण त्यांची मूळ पद्धत एकेरी होती: हुकूम जायचा, उत्तर यायचं नाही. दिवा लागला का, हे पाठवणाऱ्याला कळायची वाट नव्हती. तारेत वीज असणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आमच्या कुळाचा पहिला प्रश्नच ‘लाइट आहे का?’ हा आहे. आजचं अ‍ॅप उघडल्याबरोबर आधी कुठलं उपकरण ‘ऑफलाइन’ आहे ते करड्या अक्षरांत सांगतं. ही सवय स्कॉटलंडच्या घराण्यातली नाही.

दुसरी हरकत खास सोलापुरातली. आमच्या चादरीवरचा मोर ज्या जकार्डवर उमटतो, त्याची भोकांची कार्डं हीच सगळ्या स्वयंचलनाची आई, असं इथं अभिमानानं सांगितलं जातं. जकार्ड १८०४ चा. त्याच्याही आधी १७२५ मध्ये बुशोंनं भोकं पाडलेला कागद मागाला लावला होता. पुढं बॅबेजनं जकार्डची कार्डं आपल्या गणनयंत्रासाठी घेतली, हे खरं. पण त्यानंतरचा टाका सैल आहे. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत कार्डं वापरणाऱ्या हॉलरिथनं स्वतः श्रेय दिलं ते रेल्वेच्या तिकिटाला. कंडक्टर तिकिटाला भोकं पाडून प्रवाशाच्या रंगारूपाची नोंद करायचा, तिथून त्याला ती कल्पना सुचली. आणि वंश जुळला तरी गुण जुळत नाहीत. जकार्डचं कार्ड क्रम सांगतं, अट घालत नाही. बाहेर पाऊस आहे की रात्र, त्याला कर्तव्य नाही. मोरानंतर मोरच येणार. कुणी म्हणेल, धागा तुटला की माग थांबतो, ती अटच नाही का? आहे. १९२४ च्या टोयोडाच्या मागाच्या कीर्तीत त्याचाही वाटा आहे. पण तिथंही थांबणंच. धागा जोडून माग पुन्हा चालू करायला माणूस येतो. चादरीचा मान चादरीला, पण या खटल्यात निकाल मी विहिरीच्या बाजूनं देतो.

विहिरीकडून घेण्यासारखं आणखी एक आहे. अ‍ॅपमध्ये घराचा नकाशा भरण्याचं काम असतं: घर, मग खोली, मग उपकरण, प्रत्येकाला नाव. नवखा माणूस ‘स्विच १, स्विच २’ अशी नावं ठेवतो आणि महिन्याभरात गोंधळतो. तीन ठिकाणी तीन मोटारी असलेल्या शेतकऱ्यानं फोनमध्ये नंबर साठवले ते ‘खालची विहीर’, ‘चिंचंची बोअर’, ‘पाणंदीकडची’ असे. गट नंबर सातबाऱ्यावर ठीक, फोनवर बोटाला जागेचं नाव लागतं. अ‍ॅप भरणाऱ्यांनी हीच रीत उचलावी: ‘जिन्याचा दिवा’, ‘आईच्या खोलीतला पंखा’.

ही विद्या शहरात शिरली तीही पाण्याच्याच मागानं. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस स्मार्ट शहरांच्या यादीत सोलापूर नववं आलं. नळाला पाणी मात्र काही दिवसांआड येतच राहिलं. त्यामुळं इथल्या घरात सगळ्यात आधी ‘स्मार्ट’ करावीशी वाटते ती रंगीत दिव्यांची माळ नव्हे, तर हौदातून वरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटार. आणि राऊटर इन्व्हर्टरवर घ्यायला विसरलात तर लाइट गेल्यावर अख्खं स्मार्ट घर मुकं होतं. त्या बाबतीत बॅटरीवर तग धरणारा कोठीतला मोबाइल आजच्या घरापेक्षा शहाणा होता.

आता कृषी फीडर सौर प्रकल्पांना जोडले जात आहेत, दिवसा लाइट देण्याची योजना पुढं सरकते आहे, आणि जुने ऑटो, बटणांच्या फोनचे स्टार्टर भंगारवाल्याच्या गाडीवर चढू लागले आहेत. तुमच्या कोठीत किंवा गोठ्याच्या भिंतीवर असा डबा असेल तर विकण्याआधी त्याचा फोटो काढा, स्टिकरवरचं कंपनीचं नाव आणि बसवल्याचं साल लिहून ठेवा, आणि तो ज्यानं बसवला त्या वायरमनला विलंब किती सेकंदांचा ठेवला होता तेवढं विचारून घ्या.