चाकण पट्ट्यातील तरुणांसाठी सायबर सुरक्षा : पदव्युत्तर शिक्षण कुठे, खर्च कसा, नोकरी कोणती

निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या पट्ट्यात खोली घेऊन राहणारी आणि पाळीत काम करणारी आपली अनेक मुले-मुली बी.एस्सी., बीसीए किंवा अभियांत्रिकी झालेली आहेत. हातात कंत्राटी काम आहे, पण पुढच्या वर्षाचा भरवसा नाही. ‘सायबर सिक्युरिटी केली तर चालेल का?’ असे त्यांच्यापैकी अनेकजण विचारतात. चालेल, असे आमचे उत्तर आहे. मात्र कुठे शिकायचे आणि कशासाठी शिकायचे हे आधी ठरवायला हवे.

या क्षेत्राची गरज पुणेकरांना एका शनिवारी कळली. ११ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरलेल्या चोरट्यांनी बनावट कार्डांच्या आधारे २८ देशांतून पैसे काढले आणि १३ ऑगस्टला स्विफ्ट व्यवहाराद्वारे आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली. एकूण ९४ कोटींच्या आसपास रक्कम गेली आणि तिजोरीला कोणी हातही लावला नव्हता. प्रत्यक्ष एटीएमवर पैसे काढणारे हस्तक पकडले गेले, २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने ११ जणांना दोषीही ठरवले. पण यंत्रणेत कोण, कधी, कुठून शिरले हे नोंदी वाचून शोधणारी माणसे लागतात, आणि ती कमी आहेत.

बँकांचे हे झाले. कारखान्यांचे काय? जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅममुळे उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचे ब्रिटनमधील उत्पादन सायबर हल्ल्यामुळे महिनाभर ठप्प होते आणि झळ सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांना बसली. चाकणमध्ये असे झाले तर सर्वात आधी कंत्राटी कामगार घरी बसेल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

म्हणूनच निघोजेत राहणाऱ्याने हा विषय फक्त हिंजवडीच्या आयटी कंपन्यांचा समजू नये. महिंद्राचा आणि फोक्सवॅगनचा कारखाना निघोजेच्या हद्दीत किंवा लागून आहे. इंद्रायणी ओलांडली की तळवड्याचे सॉफ्टवेअर पार्क. आजच्या गाडीत डझनावारी छोटे संगणक असतात. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी धावती जीप दूरवरून ताब्यात घेऊन दाखवली, तेव्हा कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांचा ‘आर १५५’ नियम आला. जुलै २०२४ पासून युरोपातील प्रत्येक नव्या गाडीला तो लागू आहे. २०२१ चे ‘आयएसओ/एसएई २१४३४’ हे मानक गाडीच्या आराखड्यापासून ती भंगारात जाईपर्यंतची सुरक्षा कशी सांभाळायची ते सांगते. हे मानक समजणारा आणि कॅन बस म्हणजे काय हे हाताने पाहिलेला अभियंता या भागात सहज मिळत नाही. ज्याने लाईनवर पीएलसी हाताळला आहे त्याने हा अनुभव बायोडेटात लपवू नये. नुसती पदवी घेऊन आलेल्याकडे तो नसतो.

आता शिक्षण. सर्वात जवळचा आणि कमी वेळेचा मार्ग म्हणजे पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘डिटीस’ ही पदव्युत्तर पदविका. साधारण सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, वर्षातून दोन तुकड्या, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून. नेटवर्क, लिनक्स आणि सुरक्षा यांचा पाया पक्का होतो, पण त्या काळात नोकरी करता येत नाही. दोन वर्षांचे एम.टेक. करायचे तर गिरीनगर येथील डीआयएटीमध्ये सायबर सुरक्षा आणि शिवाजीनगरच्या सीओईपीमध्ये माहिती सुरक्षा हे पर्याय आहेत. दोन्हीसाठी गेट परीक्षेची तयारी करावी. गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एम.टेक. केल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनाची केंद्राची तरतूद आहे. नोकरी सोडणे शक्य नसेल त्यांनी इग्नूची माहिती सुरक्षेतील पदव्युत्तर पदविका पाहावी. विज्ञान किंवा कायद्याची पार्श्वभूमी असलेल्यांना गुन्ह्यातील डिजिटल पुरावे तपासण्याचे काम जमू शकते. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरची शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आणि गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे.

खासगी क्लासबद्दल स्पष्ट लिहितो. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ सांगून लाखभर रुपये कर्जावर घेणाऱ्या क्लासला आधी विचारावे, की मागच्या तुकडीतील कोण कुठे लागले. नावे मिळाली नाहीत तर उठून यावे.

पहिली नोकरी बहुधा सुरक्षा देखरेख केंद्रात, म्हणजे ‘सॉक’मध्ये मिळते. रात्रपाळी, पडद्यावर इशारे, त्यातील खरा कोणता हे ओळखणे. कंटाळवाणे असते, पण शिकायला मिळते ते इथेच. पुढे हल्ल्यांचा तपास, परवानगीने यंत्रणा फोडून पाहण्याची चाचणी किंवा लेखापरीक्षण अशा वाटा फुटतात. लेखापरीक्षणाला मागणी कायद्यामुळे आहे. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे. इंग्रजीत नीट अहवाल लिहिता येणाऱ्याला इथे संधी आहे. सीआयएसएसपीसारख्या मोठ्या प्रमाणपत्राची मात्र घाई नको. त्याला पाच वर्षांचा अनुभव लागतो, पदवी असल्यास एका वर्षाची सूट.

खर्चासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांनी महाडीबीटीवरील भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पाहावी. वसतिगृह न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. सहा महिन्यांच्या पदविकेसाठी मात्र तिच्यावर विसंबू नये. परदेशासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, तिच्यात विद्यापीठाचे क्यूएस रँकिंग २०० च्या आत असावे लागते. लंडनजवळच्या रॉयल हॉलोवेचा माहिती सुरक्षेतील एम.एस्सी. १९९२ पासून चालतो आणि या विषयात नावाजलेला आहे, पण ते विद्यापीठ या दोनशेत नाही. आधी अर्ज आणि मग चौकशी केल्यास वर्ष जाते.

कागदपत्रांचे एक सांगायचे राहिले. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात, मात्र त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला लागतो. गेट आणि केंद्रीय संस्थांच्या अर्जात राज्याचा ‘नवबौद्ध’ दाखला जोडून अनेकजण अडकतात. सेतू केंद्रात दोन्ही दाखले वेगवेगळे मागावेत, आणि उत्पन्नाचा दाखला एप्रिलनंतरच्या नव्या वर्षाचा काढावा.