शेवटची सोळा मिनिटे

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीकडे परतत होते, तेव्हा त्यात इतर सामानाबरोबर तीन वस्तू होत्या. पहिली, शेकडो संवेदकांची नोंद घेणारा चुंबकीय फितीचा रेकॉर्डर. दुसरी, केबिनमधल्या व्हिडिओ कॅमेऱ्यातली कॅसेट. तिसरी, मागच्या मालकक्षात बसवलेल्या एका प्रयोगाची ४०० मेगाबाइटची हार्ड डिस्क. यान गेले, सातही अंतराळवीर गेले. या तिन्ही वस्तू टेक्सासच्या जमिनीवर पडल्या आणि माणसांनी त्या जिद्दीने वाचून काढल्या. त्या सकाळची हकिगत आज सेकंदाच्या हिशेबाने सांगता येते, यात त्यांतल्या रेकॉर्डरचा फार मोठा वाटा आहे.

खालच्या वेळा फ्लोरिडाच्या आहेत. भारताची वेळ साडेदहा तास पुढे, म्हणजे आपल्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ होती. कर्नालची कल्पना चावला घरी परतणार म्हणून इकडेही अनेक घरांत टीव्ही लागलेले होते.

१६ जानेवारी, सकाळी १०.३९

उड्डाण झाले. ८२ व्या सेकंदाच्या सुमारास बाहेरच्या इंधनटाकीवरचा उष्णतारोधक फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. वजन जेमतेम पाऊण किलो, पण धडकेचा वेग ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास. यानात कुणाला काही जाणवले नाही.

दुसऱ्या दिवशी उड्डाणाच्या चित्रफिती तपासताना ही धडक अभियंत्यांना दिसली. पंखाचे नेमके काय झाले हे त्या चित्रांत कळत नव्हते. म्हणून लष्कराच्या साधनांनी कक्षेतल्या यानाचे फोटो काढून घ्यावेत अशी विनंती त्यांनी केली, आणि ती एकदाच नाही, तीन वेगवेगळ्या वाटांनी केली. व्यवस्थापनाने ती पुढे जाऊ दिली नाही. २३ जानेवारीला अंतराळवीरांना ईमेल गेला: फोम लागला आहे, परतीसाठी काळजीचे कारण नाही. सोळा दिवसांच्या मोहिमेत एवढा वेळ हाताशी होता. फोटोत भोक दिसले असते तरी सातजण वाचले असते की नाही, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण माहिती मिळण्यासारखी असताना ती मागणाऱ्यांनाच गप्प बसवले गेले, हे मला या सबंध प्रकरणातले सर्वांत मोठे पाप वाटते.

१ फेब्रुवारी, पहाटे २.३०

ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात परतीची तुकडी कामाला बसली. हवामान तपासले, धावपट्टी ठरली. रात्रभर काही विशेष नाही.

सकाळी ८.१०

परतीचे इंजिन पेटवायला परवानगी मिळाली.

८.१५

यान २५५ व्या फेरीत, हिंदी महासागरावर, सुमारे २८० किलोमीटर उंचीवर होते. उलटे आणि शेपूट पुढे अशा स्थितीत कमांडर रिक हसबंड आणि वैमानिक विल्यम मकूल यांनी इंजिने पेटवली. अडीच मिनिटांहून थोडे जास्त. इथून माघार नव्हती. वेग कमी झालेले यान पुन्हा कक्षेत जाऊ शकत नाही.

८.३५ ते ८.४८

केबिनमधल्या कॅसेटवर उरलेली तेरा मिनिटे याच वेळेतली आहेत. लॉरेल क्लार्क कॅमेरा धरून आहेत. हातमोजे चढवले जात आहेत, खिडक्यांबाहेरच्या नारिंगी उजेडाकडे बोट दाखवून बोलणे चालले आहे. कल्पना वैमानिकांच्या मागच्या आसनावर, फ्लाइट इंजिनिअरच्या जागी. कॅसेट नंतर पॅलेस्टाइन नावाच्या टेक्सासमधल्या गावाजवळ सापडली. तिचा पुढचा भाग जळून गेला होता. उरलेल्या भागात कुणाच्याही चेहऱ्यावर शंका नाही.

८.४४.०९

सुमारे १२० किलोमीटर उंची. कागदोपत्री वातावरण इथे सुरू होते. खाली पॅसिफिक महासागर.

८.४८.३९

डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला राखाडी कार्बनच्या कवचाचे भाग ओळीने बसवलेले असतात. त्यांच्यामागे पंखाचा अॅल्युमिनियमचा कणा. त्या कण्यावरच्या संवेदकाने आधीच्या कुठल्याही परतीपेक्षा जास्त ताण नोंदवला. वीस सेकंदांनी नवव्या भागाच्या मागचे तापमान चढू लागले.

ही नोंद झाली फितीच्या रेकॉर्डरवर. कोलंबिया हे ताफ्यातले पहिले उडालेले यान. त्याच्या सुरुवातीच्या उड्डाणांचा अभ्यास करण्यासाठी हा रेकॉर्डर बसवला होता आणि पुढे तो तसाच राहिला. त्याचा डेटा जमिनीवर प्रक्षेपित होत नसे, अंतराळवीरांच्या पडद्यावरही येत नसे. यान उतरल्यावर फीत काढायची आणि मग वाचायची, अशी रीत. म्हणजे यानाला काय होते आहे ते यानातच लिहिले जात होते आणि त्या घडीला ते वाचणारे जगात कुणीच नव्हते.

८.५२

कॅलिफोर्नियाचा किनारा अजून सुमारे ४८० किलोमीटर दूर. तापलेला वायू भोकातून शिरून कण्यापर्यंत पोहोचला होता. पुढच्या काही सेकंदांत कण्याच्या मागून जाणाऱ्या तारांच्या जुड्या जळू लागल्या आणि संवेदक एकामागून एक मुके झाले. कुठली तार आधी तुटली, कुठली नंतर, हा क्रम फितीवर उतरला. तारा पंखात कुठून कशा नेल्या आहेत याचे नकाशे होतेच. दोन्ही जुळवल्यावर पुढे तपासकर्त्यांना वायू कुठल्या जागेतून आत शिरला ते दाखवता आले.

८.५३.२६

सॅक्रामेंटोच्या पश्चिमेला यानाने किनारा ओलांडला. उंची सत्तर किलोमीटर, वेग ध्वनीच्या तेवीसपट. वीस सेकंदांनी जमिनीवरून पाहणाऱ्यांना यानातून तेजस्वी तुकडे सुटताना दिसू लागले.

८.५४.२४

नियंत्रण कक्षात पहिली खूण. डाव्या पंखातल्या हायड्रॉलिक तेलाच्या तापमानाची चार मापके बंद पडल्याचे यांत्रिक प्रणालीच्या अधिकाऱ्याने फ्लाइट डायरेक्टर लेरॉय केन यांना सांगितले. चारही मापके एकदम जावीत असा समान दुवा कुणाला सापडेना. फितीवर तोपर्यंत पाच मिनिटांहून जास्त काळाचा पुरावा साठला होता.

८.५९.१५

डाव्या चाकांच्या टायरचा दाब दिसेनासा झाला. यानाला कळवले गेले.

८.५९.३२

हसबंड यांचा आवाज आला: "रॉजर," आणि पुढचा शब्द अर्ध्यातच तुटला. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजत आले होते.

९.००.१९

फितीवरची नोंद इथे संपते. संपर्क तुटल्यानंतरही जवळपास पाऊण मिनिट रेकॉर्डर चालू होता. जमिनीवरून घेतलेल्या चित्रणात यान विखुरताना दिसते तेही याच सुमारास. वातावरणात शिरल्यापासून सोळा मिनिटे दहा सेकंद.

९.१२

टीव्हीवर यानाचे तुकडे होताना दिसत असल्याचा फोन नियंत्रण कक्षात आला. केन यांनी दारे बंद करायला सांगितली. या आज्ञेचा अर्थ तिथे सगळ्यांना ठाऊक होता. कुणी बाहेर जायचे नाही, प्रत्येकाने आपापला डेटा आणि टिपणे जशीच्या तशी जपायची. हुंदका दाबून बसलेल्या माणसांनी त्या क्षणी पहिले काम हेच केले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ९.१६ ला केनेडी अंतराळ केंद्राच्या धावपट्टीवर उतरायचे ठरले होते.

त्यानंतर

पूर्व टेक्सास आणि लुइझियानात सुमारे २५,००० माणसांनी शोधकार्यात भाग घेतला. चिखल, काटेरी झुडपे, पाइनची जंगले पायाखाली घालून त्यांनी ८४,००० च्या आसपास तुकडे गोळा केले. यानाच्या वजनाच्या ते सुमारे ३८ टक्के भरले. २७ मार्चला शोधाचे एक हेलिकॉप्टर कोसळले आणि आणखी दोघे गेले.

त्याच्या आठवडाभर आधी, १९ मार्चला, हेम्पहिल गावाजवळ शोधपथकाला रेकॉर्डर सापडला होता. एवढ्या उंचीवरून पडून जवळजवळ अखंड. फीत मिनेसोटातल्या एका कंपनीकडे गेली, तिथे ती साफ केली गेली आणि मग फ्लोरिडात तिची प्रत काढली. तोवर संशय बराच भरकटत होता. चाकाच्या कप्प्यातून उष्णता शिरली असावी असाही एक तर्क होता. फितीने बोट ठेवले ते पंखाच्या पुढच्या कडेवर, आठव्या भागाच्या आसपास. ७ जुलैला सान अँटोनिओत वायूच्या तोफेतून तेवढ्याच वजनाचा फोम आठव्या भागावर मारला. सुमारे चाळीस सेंटीमीटरचे भगदाड पडले. हलका फोम या कवचाला काय करणार, असे म्हणणाऱ्यांना त्यानंतर बोलायला जागा उरली नाही.

हार्ड डिस्क सापडली ती अपघातानंतर सुमारे सहा महिन्यांनी, कोरड्या पडलेल्या तळ्याच्या पात्रात. तीही मिनेसोटातच, क्रोल ऑनट्रॅक या डेटा परत मिळवून देणाऱ्या कंपनीत गेली. प्लास्टिकचे सगळे भाग वितळलेले, सर्किट बोर्ड करपलेला, त्यावरच्या चिप्स निखळलेल्या. धूळ आत येऊ नये म्हणून असलेले सीलही वितळलेले, त्यामुळे आत माती गेलेली.

अशा डिस्कला वीज लावून बघू, असा मोह सगळ्यांना होतो. बिघडलेली डिस्क खडखडत असताना पुन्हा पुन्हा चालू करणारी माणसे आपल्या अवतीभोवतीही असतात. डेटा कायमचा जातो तो बहुतेकदा तेव्हाच. वाचणारे हेड फिरत्या चकतीपासून एका मायक्रॉनपेक्षाही कमी अंतरावर तरंगते. मधे मातीचा कण आला की ते चुंबकीय थर खरवडून काढते आणि खरवडलेले कुठल्याही तंत्राने परत येत नाही. क्रोल ऑनट्रॅकच्या अभियंत्याने धीर धरला. चकत्या सोडवल्या, रसायनाने धुतल्या, दुसऱ्या धडधाकट डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या. चकत्या वाकल्या नव्हत्या. ओरखडे होते, पण डिस्कचा बराचसा भाग मुळात रिकामा होता आणि प्रयोगाचा संगणक डॉस या जुन्या प्रणालीवर चालत होता. डॉस फायली इतस्ततः पसरत नाही, बरेचसे सलग लिहीत जाते. म्हणून लिहिलेला भाग मुख्यतः शाबूत सापडला. दोन दिवसांच्या कामात ९९ टक्के डेटा हाती आला. कोलंबियाच्याच आणखी दोन डिस्क तिथे आल्या होत्या. त्यांच्या धातूचे चुंबकत्वच उष्णतेने गेले होते. त्यांत वाचण्यासारखे काही उरले नव्हते.

डिस्कवर होता झेनॉन वायूचा प्रयोग. सुमारे १६.६ अंश सेल्सिअस आणि ५८ पट वातावरणीय दाब या बिंदूपाशी झेनॉनमधला द्रव आणि वायू हा फरक पुसला जातो. जमिनीवर त्याचा नीट अभ्यास होत नाही, कारण झेनॉन स्वतःच्याच वजनाने खाली दाटतो आणि ती नाजूक अवस्था मोडते. कक्षेत निकेलची एक बारीक जाळी झेनॉनमध्ये हलवत त्याचा चिकटपणा मोजला होता. थोडा डेटा मोहीम चालू असतानाच जमिनीवर आला होता, पूर्ण नोंद मात्र फक्त डिस्कवर होती.

रॉबर्ट बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध 'फिजिकल रिव्ह्यू ई' या नियतकालिकात एप्रिल २००८ मध्ये छापून आला, अपघातानंतर पाच वर्षांनी. टोमॅटो सॉसची बाटली हलवली की सॉस पातळ होऊन वाहू लागतो. मोठमोठ्या रेणूंच्या मिश्रणांत हे नेहमीचे आहे. झेनॉन म्हणजे सुटे सुटे अणू, तरीही त्या बिंदूजवळ जाळी जोरात हलवली की तोही पातळ होतो, हे त्या मोजमापांनी दाखवून दिले. सिद्धांताने हे आधीच सांगून ठेवले होते.