शंभर गाठींची कुळकथा

ग्रीसच्या उत्तरेस समुद्रात शिरलेल्या आथोस पर्वतावरील मठांतून साधूंच्या हाती काळ्या लोकरीची एक दोरी नेहमी दिसते. तिला बहुधा शंभर गाठी असतात, क्वचित तेहतीस किंवा पन्नास. आणि प्रत्येक गाठीत धाग्याचे वेढे एकमेकांवर क्रुसाच्या आकाराने असे आवळलेले असतात की, ती एकदा बसली म्हणजे सहसा सुटत नाही. एकेक गाठ बोटांखालून सारीत साधू एकच वाक्य म्हणत असतो. त्यात येशूला प्रभू आणि देवपुत्र अशी हाक असते आणि आपल्यासारख्या पाप्यावर दया करावी एवढीच विनवणी. अलीकडे मठाशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशांच्याही मनगटावर ही दोरी चित्तशांतीचे साधन म्हणून येऊन बसली आहे, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु तिचे कूळ शोधीत मागे गेले म्हणजे मूळ पुरुष म्हणून जो भेटतो, तो आपल्याच विचारांशी हुज्जत घालून मेटाकुटीस आलेला असतो.

इसवी सन 270 च्या सुमारास ईजिप्तमधील अंतोनी नावाच्या तरुणाने चर्चमध्ये शुभवर्तमानाचे वचन ऐकून आपली वडिलार्जित सुपीक जमीन देऊन टाकली आणि पुढे तो वाळवंटात जाऊन राहिला. 356 मध्ये तो वारला तेव्हा त्या वाळवंटात त्याच्या वाटेने गेलेल्यांची वस्तीच उभी राहिली होती. या वडीलधाऱ्या साधूंच्या वचनांचा जो संग्रह पुढे झाला, त्यात अंतोनीची एक आख्यायिका आहे. एकदा उदासी आणि विचारांचा कल्लोळ यांनी तो इतका त्रस्त झाला की, सुटकेचा उपाय काय म्हणून त्याने देवाला साकडे घातले. बाहेर येऊन पाहतो तो त्याच्यासारखाच एक मनुष्य बसून दोरी वळीत आहे, मध्येच उठून प्रार्थना करतो आहे, पुन्हा बसून खजुरीच्या पानांची वेणी घालतो आहे. तो देवदूत होता, आणि असेच करीत जा, एवढाच त्याचा आदेश होता. आख्यायिका म्हणून ती बाजूला ठेवली तरी तिच्यातील व्यवहार खरा आहे. पाने पाण्यात भिजवून मऊ करायची, त्यांच्या दोऱ्या, टोपल्या आणि चटया विणायच्या आणि त्या विकून भाकरीची सोय करायची, हा त्या साधूंचा चरितार्थ होता. हात असा गुंतलेला असला म्हणजे मन भटकले तरी फार लांब जात नसे.

मनाच्या या भटकण्याची पद्धतशीर चौकशी केली ती इव्हाग्रियसने. हा पोंतस प्रांतातला, विद्वान, कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मवादांत नावलौकिक मिळवलेला. तेथे एका उच्चकुलीन विवाहितेत मन गुंतल्यामुळे तो शहर सोडून जेरुसलेमला पळाला, तेथे दीर्घ आजारी पडला, आणि मेलानिया या विदुषीच्या सल्ल्यावरून 383 च्या सुमारास ईजिप्तला आला. दोन वर्षे नित्रियात आणि पुढे 399 मध्ये मृत्यू येईपर्यंत केल्लियाच्या अधिकच ओसाड मुलुखात तो राहिला, आणि पोटापुरते मिळवण्यासाठी त्याने नकलनविसी पत्करली. मनाला छळणाऱ्या विचारांचे त्याने आठ वर्ग पाडले: खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, उबग, लौकिकाची हाव आणि गर्व. हीच यादी पुढे युरोपात सात महापापांच्या रूपाने प्रसिद्ध झाली. परंतु पापांची यादी म्हणून वाचले तर इव्हाग्रियसच्या निरीक्षणातली खरी गोडी हरवते. द्रव्यलोभाच्या सदराखाली त्याने काय नोंदवले आहे पाहा: म्हातारपण लांबेल, हात कामाला उठणार नाहीत, दुष्काळ पडेल, दुखणी येतील, आणि दुसऱ्यापुढे हात पसरण्याची नामुष्की ओढवेल. ज्याला आपण आज काळजी म्हणतो, तिचा इतका नेमका पंचनामा सोळाशे वर्षांत फारसा सुधारता आलेला नाही. उबगाचे त्याचे वर्णनही असेच बोलके आहे: भर दुपारी सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो, साधू खिडकीतून पुन्हापुन्हा डोकावतो, जेवणाची वेळ किती दूर आहे ते ऊन पाहून ताडतो, आणि कुणी बांधव भेटीस येतो आहे का, याची वाट पाहतो.

विचार मनात येतील की नाही हे आपल्या हाती नाही, पण ते तेथे मुक्काम ठोकतील की नाही हे आपल्या हाती आहे, असे त्याचे मत होते. तेव्हा येणाऱ्या प्रत्येक विचाराला तेथल्या तेथे शास्त्रवचनाने उत्तर द्यावे, जसे अरण्यात येशूने सैतानाला दिले, या हेतूने त्याने प्रत्युत्तरांचा एक ग्रंथ रचला. आठ विचारांचे आठ भाग, आणि एकूण उत्तरे जवळजवळ पाचशे! प्रत्येक फिर्यादीला तिचा स्वतंत्र जबाब, वचनाच्या दाखल्यासह, असे ते जणू एखाद्या कसबी कारकुनाने लावलेले दफ्तर आहे. त्याच्याविषयी मला आदर वाटतो. परंतु रात्री घाबरून उठलेल्या माणसाने पाचशे जबाबांतून नेमका हवा तो शोधून काढायचा कसा, हाही प्रश्न पडतो.

हा प्रश्न त्या वाळवंटातही पडला असावा, कारण दफ्तर आटत गेल्याचे आपल्याला दिसते. मकारियस नावाच्या वडीलधाऱ्याचे म्हणणे असे होते की, प्रार्थनेत लांबलचक बोलण्याची गरज नाही. हात पसरून देवाच्या इच्छेवर आणि ज्ञानावर सोपवून दया मागावी, आणि झगडा तीव्र झाला तर केवळ साहाय्यासाठी हाक मारावी. ईजिप्तमध्ये काही वर्षे काढून पुढे मार्सेयला मठ स्थापणाऱ्या जॉन कॅशियनने आपल्या संवादांच्या ग्रंथात आयझॅक या साधूच्या तोंडून सत्तराव्या स्तोत्राचा पहिला चरण सुचवला आहे. त्यात देवाला सत्वर धावून येण्याची विनंती आहे. भुकेत, क्रोधात, भीतीत, झोप येत नसताना आणि सर्व सुरळीत चालले असतानाही हाच चरण मनात घोळवावा, आणि विचारांची इतर सारी संपत्ती टाकून या एका वचनाच्या दारिद्र्यात राहावे, असा त्याचा उपदेश. बेनेडिक्टच्या नियमावलीने तो चरण मठांतील प्रार्थनाप्रहरांच्या आरंभी ठेवला.

निर्णायक वळण मात्र सहाव्या शतकात गाझाजवळ लागले. तेथील एका मठात बारसानुफियस नावाचा साधू स्वतःला खोलीत कोंडून घेऊन राहत असे आणि मठाधिपतीमार्फत केवळ पत्रांनी लोकांच्या शंकांचे निरसन करी. त्याची आणि त्याचा सहकारी जॉन याची मिळून आठशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. विचारांना उलट उत्तर द्यावे काय, या प्रश्नावर त्याने लिहिले की, ते सामर्थ्यवानांचे काम आहे. आपल्यासारख्या दुबळ्यांनी येशूच्या नावाचा आश्रय करावा. इव्हाग्रियसचे सगळे दफ्तर या एका सल्ल्याने बंद झाले असे म्हणावयास हरकत नाही. माझ्या मते या परंपरेचा मोठा शोध हाच: भयाशी वाद घालून तो जिंकण्याची अट काढून टाकणे. याआधी पाचव्या शतकात दियादोकस नावाच्या लेखकाने येशूच्या नामाचे अखंड स्मरण सांगितले होतेच. सातव्या शतकात सिनाईच्या जॉन क्लायमॅकसने ते स्मरण श्वासाशी जोडले. आणि यरीहोच्या वाटेवरील आंधळ्याची हाक व मंदिरात छाती बडवणाऱ्या जकातदाराची विनवणी एकत्र होऊन आजचे वाक्य हळूहळू घडले.

राहिली मोजदाद. पॅलेडियसने 420 च्या सुमारास लिहिलेल्या वृत्तांतात फेर्मे येथील पॉल नावाचा साधू येतो. तो रोज तीनशे प्रार्थना करी, आणि हिशेब चुकू नये म्हणून ओटीत तीनशे खडे घेऊन बसे. प्रत्येक प्रार्थनेला एक खडा बाहेर टाकी. एका खेड्यात कुणी कुमारी सातशे प्रार्थना करते असे ऐकताच बिचाऱ्याची झोप उडाली. तो अलेक्झांड्रियाच्या, म्हणजे वर आलेल्याहून निराळ्या, मकारियसकडे गेला. मकारियस म्हणाला, मी साठ वर्षे रोजच्या शंभरच करतो, पोटापुरते काम करतो, भेटीस येणाऱ्या बांधवांचे आदरातिथ्य करतो, आणि मन मला दोष देत नाही. तुला तीनशे करूनही दोष देत असेल, तर प्रार्थना शुद्ध होत नाही असे तरी समज, नाहीतर तू आणखी करू शकत असून करीत नाहीस. चिंता घालवण्यासाठी घेतलेले साधनच नवी चिंता होऊन बसते, या अनुभवाचा इतका जुना पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही. खड्यांची जागा गाठींनी नेमकी कधी घेतली, याविषयी मठांतून एक कथा सांगतात: पखोमियस नावाच्या साधूने बांधलेल्या गाठी सैतान रात्रीतून सोडवून ठेवी, तेव्हा देवदूताने क्रुसांची ही न सुटणारी गाठ शिकवली. कथा गोड आहे, पण पुराव्यात रुजू करून घेण्याजोगी नाही.

या कुळाची दुसरी शाखा पश्चिमेकडे गेली. दीडशे स्तोत्रे पाठ नसलेल्या सामान्य जनांनी तितक्याच प्रार्थना माळेवर मोजण्याचा प्रघात तेथे पडला, आणि त्याचाच तिसरा हिस्सा, म्हणजे पन्नास, गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून सायंकाळी तेर्स म्हणून होत आला आहे. पूर्वेकडील वाक्यावर चौदाव्या शतकात मोठे किटाळ आले. मान खाली घालून श्वासाबरोबर जप करणारे आथोसचे साधू आत्मा बेंबीत शोधतात, अशी बार्लाम नावाच्या पंडिताने टवाळी केली; ग्रेगरी पालामासने साधूंची बाजू मांडली आणि 1341 च्या कॉन्स्टँटिनोपल येथील सभेने तिला मान्यता दिली. 1782 मध्ये व्हेनिसला छापलेल्या ‘फिलोकालिया’ या संग्रहाने ती शिकवण मठाबाहेर नेली. नामस्मरणाच्या वातावरणात वाढलेल्या आपल्याकडील वाचकाला येथे पावलोपावली ओळखीचे भासेल. तरी साम्यावरून सोयरीक ठरवण्याची घाई करू नये.

गेल्या शतकात केल्लियाच्या भग्न खोल्यांचे उत्खनन झाले, तेव्हा एका भिंतीवर या प्रार्थनेविषयीचा लेख सापडला. तो इव्हाग्रियसनंतर तीनएक शतकांनी लिहिलेला आहे. लिहिणारा अडचणीत सापडला होता. तू सारखा येशूलाच हाक मारतोस, मग पिता आणि पवित्र आत्मा यांची प्रार्थना केव्हा करणार, असा एक विचार त्याच्या मनात सैतान पेरू पाहत होता. हुज्जत टाळण्यासाठी जे वाक्य पत्करले, त्याच्याच बचावार्थ त्याला भिंतीवर रीतसर जबाब लिहावा लागला. येशूची प्रार्थना केली म्हणजे पित्याची आणि पवित्र आत्म्याची प्रार्थना तिच्यात आलीच, कारण आम्ही त्रैक्याचे विभाग करीत नाही, अशा आशयाचा तो जबाब आहे.